पूर येण्याआधीचा पैसा : नदीकाठच्या ग्रामपंचायतींसाठी आपत्ती निवारणाच्या प्रस्तावाची वाट

पूर ओसरल्यावर पंचनाम्याचे पैसे येतात. उशिरा येतात, तुटपुंजे येतात, पण येतात. तलाठ्याला काय दाखवायचं, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स कुठे जपून ठेवायच्या, हे कृष्णा-वारणेकाठच्या गावांना २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांनी शिकवून ठेवलंय. पूर येण्याआधी खर्च करायचा सरकारी पैसाही असतो, ही गोष्ट मात्र फार थोड्या ग्रामपंचायतींच्या दप्तरात दिसते. हा पैसा पंचनाम्यावर मिळत नाही. तो आराखड्यावर मिळतो आणि आराखडा गावालाच करावा लागतो.

नव्याने निवडून आलेले सदस्य, तरुण मंडळाची पोरं, बचत गटाच्या ताई, ज्यांनी आजवर असा एकही प्रस्ताव केलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं बहुतेक सांगली जिल्ह्यातल्या पूरपट्ट्यातली आहेत. पाटणच्या दरडी आणि जत-माणचा दुष्काळ यांच्याबद्दल शेवटाकडे थोडं आहे. कागदांची वाट सगळीकडे जवळपास तीच.

पैसा कुठे कुठे असतो

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ च्या कलम ४८ मध्ये राज्य आणि जिल्हा पातळीवर दोन वेगळ्या प्रकारचे निधी सांगितले आहेत. एक प्रतिसादाचा, म्हणजे आपत्ती आल्यावर खर्च करायचा. दुसरा सौम्यीकरणाचा, म्हणजे आपत्तीचा मार कमी बसावा म्हणून आधीच खर्च करायचा. कायदा २००५ चा असला तरी सौम्यीकरणाच्या निधीत नियमित पैसे पडायला लागले ते १५व्या वित्त आयोगापासून. आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती निधीचे ८० टक्के प्रतिसादाला आणि २० टक्के सौम्यीकरणाला अशी वाटणी केली. महाराष्ट्रासाठी यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के. २०२१-२२ या एका वर्षात महाराष्ट्राच्या वाट्याला दोन्ही मिळून ४,२९६ कोटी रुपये होते. त्याचा पाचवा हिस्सा म्हणजे साधारण ८६० कोटी हा राज्य आपत्ती सौम्यीकरण निधीचा. १ एप्रिल २०२६ पासून १६व्या वित्त आयोगाचा काळ सुरू होतो, त्यामुळे प्रस्तावात जुने आकडे आणि जुना शासन निर्णय चिकटवू नका. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन चालू निर्णयाची प्रत मागा आणि त्याचाच क्रमांक व दिनांक लिहा.

या निधीतून काय मिळत नाही, ते आधी डोक्यात पक्कं बसवा. आपल्याकडे ग्रामसभेत पहिली मागणी हमखास पूरसंरक्षक भिंतीची होते. वित्त आयोगाने स्पष्ट म्हटलंय की मोठे तटबंध, समुद्राकाठच्या भिंती असली अवजड कामं नेहमीच्या विकास योजनांतून करावीत, सौम्यीकरणाचा निधी त्यासाठी नाही. हा निधी स्थानिक पातळीवरच्या, लोकांच्या सहभागाच्या, छोट्या कामांसाठी आहे. भिंत हवी असेल तर ती वाट जलसंपदा विभागाकडे जाते. ती मागणी जरूर करा, फक्त वेगळ्या कागदावर करा. एकाच ठरावात भिंत, बोट, हायमास्ट आणि स्मशानभूमीचा रस्ता कोंबला की कुठल्याच टेबलावर त्याचं काही होत नाही.

बाकीची घरं झपाट्याने सांगतो. ग्रामपंचायतीचा स्वतःचा वित्त आयोगाचा निधी : १५व्या आयोगात ग्रामीण भागाच्या पैशांपैकी ८० टक्के थेट ग्रामपंचायतीला येत, त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले आणि ४० टक्के अबंधित. अबंधितातून गावाच्या गरजेची कामं घेता येतात, पगार आणि आस्थापनेचा खर्च सोडून. दुसरं घर जिल्हा वार्षिक योजनेचं. पालकमंत्री अध्यक्ष असलेल्या जिल्हा नियोजन समितीतून हा पैसा येतो, पण ग्रामपंचायतीच्या हातात थेट पडत नाही. जिल्हा परिषदेचा बांधकाम किंवा लघुपाटबंधारे विभाग, सार्वजनिक बांधकाम अशा यंत्रणेमार्फत मागावा लागतो. तिसरं रोजगार हमी. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला, त्यात अतितीव्र हवामानाचा फटका कमी करणारी कामं हा वेगळा गटच आहे. अंमलबजावणीचे नियम पंचायत समितीच्या रोहयो कक्षात विचारा. चौथं आमदार आणि खासदार स्थानिक विकास निधी, दोन्ही वर्षाला ५ कोटींचे. हे पैसे पटकन सुटतात, पण काम कोणतं हे बऱ्याचदा फलक कुठे लागेल यावर ठरतं. मी ते शेवटी धरतो.

पुराचं पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याचा जागतिक बँकेच्या मदतीचा राज्य सरकारचा कार्यक्रम तुम्ही पेपरात वाचला असेल. त्यात गावाने अर्ज करायचा नसतो, तेव्हा त्याची वाट बघत बसू नका.

पहिली पायरी : आपल्या गावाचा पूर फुटात लिहून काढा

सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे पोराटोरांना माहीत असतं. २०१९ मध्ये तिथे पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ मध्ये ५५ च्या घरात. पण आयर्विनला ४२ झाले म्हणजे तुमच्या गावात काय झालं? हे गावातल्या चार म्हाताऱ्यांना माहीत असतं आणि कागदावर कुठेच नसतं. प्रस्तावाचा खरा जीव इथे आहे.

एका संध्याकाळी पारावर बसा. नदीकडच्या वस्तीतले लोक, पाणीपुरवठ्याचा कर्मचारी, दूध संकलन केंद्रावरचा माणूस, आशाताई आणि कोतवाल यांना बोलवा. एक मोठा कागद पसरा आणि विचारत जा : पाणी पहिल्यांदा कुठून येतं? बहुतेक गावांत उत्तर 'नदीतून' असं येत नाही. आधी ओढा तुंबतो. नदीचा फुगवटा ओढ्यात मागे सरकतो, ओढ्यावरची फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, बुडते आणि नदी अजून पात्रात असतानाच पलीकडच्या मळ्यातली घरं तुटतात. मग कुणीतरी सांगतं, "फरशी बुडली की दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या पायरीला पाणी." ते लिहा. मग डीपी कधी बंद केली, पाण्याची मोटर कधी बुडाली, दूध गाडी कधीपासून आली नाही, दवाखान्याचा रस्ता कधी गेला.

हे सगळं एका उभ्या यादीत मांडा. डावीकडे पाण्याची पातळी, मधे गावातलं ठिकाण, उजवीकडे त्यामुळे काय बंद पडलं आणि किती कुटुंबांना झळ बसली. २०१९ आणि २०२१ ची पाण्याची खूण ज्या भिंतींवर अजून दिसते तिथे टेप लावून जमिनीपासूनची उंची मोजा आणि भिंतीसकट टेप दिसेल असा फोटो काढा. फोटो काढणाऱ्या मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा, म्हणजे अक्षांश-रेखांश फोटोसोबत नोंदले जातात.

एक सावधगिरी. आयर्विनची पातळी सगळ्यांना लागू पडत नाही. पलूस-वाळव्याकडची गावं सांगलीच्या वर आहेत, तिथे पाणी आधी चढतं. त्यांनी कोयना धरणाचा विसर्ग आणि आपल्या जवळच्या पुलाची पातळी धरावी. शिराळ्याच्या वारणाकाठाला तर चांदोली धरणाचा विसर्ग हाच खरा इशारा. हरिपूरजवळ वारणा कृष्णेला मिळते, त्याच्या आसपासच्या गावांनी दोन्ही नद्यांचं टिपण ठेवावं. एक नदी उतरत असताना दुसरी चढती असू शकते.

त्यानंतर पाटबंधारे विभागाकडे अर्ज करून आपल्या गावाच्या पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. आपण निवाऱ्यासाठी सुचवलेली जागा निळ्या रेषेच्या आत निघाली तर प्रस्ताव तिथेच संपतो आणि संपायलाच हवा.

दुसरी पायरी : लोक वेळेत का निघत नाहीत, ते विचारा

प्रस्तावात सगळे बोटी मागतात. बोट लागते, नाही असं नाही. पण पाणी दारात येईपर्यंत लोक घरात थांबतात कशाला, हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारलात तर पाच घरांपैकी चार घरांत उत्तर गोठ्यात उभं असतं. दोन म्हशी, एक गाभण गाय, चार शेळ्या. माणसं शाळेत जातील, जनावरं कुठे न्यायची? शाळेच्या व्हरांड्यात ती बांधू देत नाहीत, पाहुण्यांच्या गावाला न्यायला ट्रॉली मिळेपर्यंत रस्ता बंद. मग घरातला एक गडी मागे राहतो, त्याच्यासाठी म्हातारी मागे राहते आणि तिसऱ्या दिवशी त्या दोघांसाठी बोट बोलवावी लागते. ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ मध्ये लोकांना बाहेर काढताना बोट उलटून माणसं गेली. अशी शेवटच्या घटकेची फेरी करायची वेळच येऊ नये, यासाठी हा सगळा खटाटोप.

म्हणून माझ्या मते नदीकाठच्या गावाचा पहिला प्रस्ताव जनावरांच्या निवाऱ्याचा असावा : उंचावर साधी पत्र्याची शेड, पाण्याची टाकी, वैरण ठेवायची कोरडी जागा, जनावरं चढवण्यासाठी उतार आणि तिथवर पावसात टिकेल असा रस्ता. तो स्थानिक आहे, छोटा आहे, लोकसहभागाचा आहे, म्हणजे निधीच्या कसोटीत बसतो. वर्षाचे अकरा महिने तिथे बाजार, लसीकरण शिबिर, बचत गटाचा कार्यक्रम काहीही होऊ शकतं. पशुवैद्यकीय दवाखान्याकडून गावातल्या जनावरांची संख्या लेखी घ्या, तुमच्या अंदाजापेक्षा तिला वजन असतं.

आशाताईंच्या नोंदवहीत गरोदर बायका, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, दिव्यांग यांची नावं असतात. प्रस्तावाला फक्त संख्या जोडा. नावांची यादी ग्रामपंचायतीत बंद पाकिटात ठेवा, ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरता कामा नये.

तिसरी पायरी : ठराव

आपत्ती आराखडा हा ग्रामपंचायत विकास आराखड्याचा भाग करून घ्या. 'आमचं गाव, आमचा विकास'खाली जो आराखडा दर वर्षी ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवला जातो, तोच. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने २०२२ मध्ये आपला आपत्ती व्यवस्थापन आराखडा काढला, त्यातही गावपातळीच्या आराखड्याची अपेक्षा आहे, तेव्हा कुणी "हे कुठे लिहिलंय?" विचारलं तर उत्तर तयार असू द्या. पोर्टलवर तुमच्या गावाचं नाव निवडून मागच्या वर्षीचा आराखडा कुणालाही बघता येतो. आधी तो उघडा. बऱ्याच गावांत असं दिसतं की आपत्तीच्या नावाने एकही काम नाही, आणि पुराचं गाव असूनही सलग तीन वर्षं पेव्हिंग ब्लॉक.

ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला कमी आकडा. आदल्या दिवशी महिला ग्रामसभा घ्या. निवाऱ्यात बायकांसाठी वेगळे संडास आणि उजेड हवा, हे तिथेच ठामपणे पुढे येतं.

आता ठरावाची भाषा. नेहमीचा ठराव असा असतो : "गावास पूरसंरक्षक साहित्य व सुविधा मिळणेबाबत शासनास विनंती करणेचे सर्वानुमते ठरले." यावर कुणी काय करायचं? त्याऐवजी असं लिहा :

"कृष्णा नदीच्या पुरात फुगवट्यामुळे ओढ्यावरील फरशी पाण्याखाली जाऊन मळा भागातील (संख्या) कुटुंबांचा संपर्क तुटतो. सन २०१९ व २०२१ मध्ये हे घडले आहे. जनावरांची सोय नसल्याने सदर कुटुंबे वेळेत स्थलांतर करत नाहीत. सबब निळ्या पूररेषेबाहेरील गट नं. (…) मध्ये जनावरांसाठी निवारा शेड, पाण्याची टाकी व चारा साठवण करणे हे काम ग्रामपंचायत विकास आराखडा सन (…) मध्ये समाविष्ट करण्यास व राज्य आपत्ती सौम्यीकरण निधीतून निधी मिळणेसाठी प्रस्ताव तहसीलदार यांचेमार्फत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे सादर करण्यास मंजुरी देण्यात येत आहे. कामाच्या देखभालीची जबाबदारी ग्रामपंचायत घेईल."

शेवटचं वाक्य विसरू नका. देखभाल कोण करणार, यावर चांगले प्रस्ताव अडतात. सूचक-अनुमोदकांची नावं, ठराव क्रमांक, तारीख, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही-शिक्का हे सगळं स्पष्ट वाचता येईल अशी प्रत काढा. (ग्रामसेवक हे पदनाम बदलून आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय. जुना शिक्का असेल तर कार्यालयातला एखादा चाणाक्ष माणूस त्यावरही त्रुटी काढतो.)

चौथी पायरी : कामाचे तुकडे पाडा

एक गरज म्हणजे एक प्रस्ताव, असं नसतं. वरच्याच उदाहरणात चार कामं दडलीत आणि चारही वेगवेगळ्या खिशांतून होतात. शेड आणि टाकी सौम्यीकरण निधीतून. शेडपर्यंतचा पाणंद रस्ता रोजगार हमीतून. ओढ्यावरची फरशी उंच करणं हे जिल्हा परिषद बांधकाम विभागाचं, जिल्हा वार्षिक योजनेतून. भोंगा, बॅटऱ्या, दोर, लाइफ जॅकेट, भिंतींवर पातळीच्या खुणा रंगवणं एवढं ग्रामपंचायतीच्या अबंधित निधीतून लगेच. या चौथ्या भागाला वरून कुणाच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही, म्हणून तो पहिल्याच वर्षी करून टाका. त्याचे फोटो मोठ्या प्रस्तावाला जोडले की वाचणाऱ्याला कळतं, हे गाव नुसतं मागत नाही.

ओढा रुंद करायचा असेल तर आधी मोजणी. ओढ्यात कुणाचा ऊस शिरलाय आणि कुणी बांध सरकवलाय, हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि ग्रामसभेत कुणी बोलत नाही. सरकारी पैशाने जेसीबी आला तरी तो त्या बांधापाशी थांबतो. हे भांडण प्रस्तावाआधी मिटवता आलं तर मिटवा, नाहीतर तो भाग सध्या बाजूला ठेवून बाकीचं पुढे न्या.

पाचवी पायरी : कागद

इथे फार रमण्यासारखं काही नाही, पण इथेच निम्मे प्रस्ताव मरतात. फाइलीत एवढं हवं :

ग्रामसभेचा ठराव. जागेचा ७/१२ किंवा गावठाणात असेल तर नमुना ८. पूररेषेच्या नकाशावर दाखवलेली जागा. तुमची पातळी-यादी आणि फोटो. शाखा अभियंत्याने चालू दरसूचीवर केलेलं अंदाजपत्रक आणि त्यावर सक्षम अधिकाऱ्याची तांत्रिक मान्यता. हे काम दुसऱ्या कोणत्याही योजनेतून घेतलेलं नाही असा दाखला. देखभालीचं हमीपत्र. वर एक पानी टिपण.

जागा गायरानातली असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि त्यात महिने जातात, त्यामुळे तो अर्ज ठरावाच्या दुसऱ्याच दिवशी टाका. खासगी जागेवर बक्षीसपत्राशिवाय सरकारी शेड उभी राहत नाही. "दादा आपलेच आहेत, नाही म्हणणार नाहीत" हा कागद होत नाही.

अंदाजपत्रकासाठी पंचायत समितीच्या उपअभियंत्याकडे लेखी पत्र द्या आणि शाखा अभियंता गावात आला की त्याला मोटारसायकलवरून शेडच्या जागेपासून ओढ्याच्या फरशीपर्यंत फिरवा. त्याने जागा पाहिलेली असली की अंदाजपत्रकात पायाची उंची आणि पाण्याचा निचरा नीट येतो. टेबलावर बसून केलेल्या अंदाजपत्रकात शेड सपाट जमिनीवर असते, खरी जागा मात्र उताराची निघते.

एक पानी टिपणावर थोडा वेळ घालवा. जिल्ह्याच्या बैठकीत अधिकाऱ्याच्या हातात तेवढंच पान असतं. पहिल्या परिच्छेदात धोका, दुसऱ्यात काम, तिसऱ्यात ते झाल्यावर किती कुटुंबं आणि जनावरं किती आधी बाहेर पडतील. इतिहास, गावाची परंपरा, नेत्यांचे आभार यांना त्या पानावर जागा नाही.

सहावी पायरी : कुठे आणि कधी

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. प्रस्ताव तहसीलदारांमार्फत त्यांच्याकडे जातो, तिथून शिफारशीसह मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभागाकडे. एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना द्या. प्रत्येक ठिकाणी आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख असलेली पोच घ्या आणि तिचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. फाइल कुठे आहे हे विचारायला गेल्यावर 'तुमचं पत्र आलंच नाही' या वाक्याला दुसरा उतारा नाही.

कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा असावा लागतो आणि त्याचं दर वर्षी पुनरावलोकन व्हायचं असतं. तुमच्या गावाचं आणि त्या ओढ्याचं नाव त्यात आहे का, ते बघा. आराखडा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर शोधा, नाहीतर कक्षात मागा. नाव नसेल तर मोठा प्रस्ताव पाठवण्याआधी नाव घालण्याचा अर्ज करा. ज्या गावाचा धोका जिल्ह्याच्या कागदावरच नाही, त्याला निधी कोणत्या आधारावर द्यायचा?

वेळेचं गणित असं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पुराच्या आठवणी ताज्या असतात, तेव्हा विषय मांडा आणि पातळी-यादी वाचून दाखवा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव करा. दिवाळीपर्यंत अंदाजपत्रक हातात हवं, कारण जिल्हा वार्षिक योजनेचा पुढच्या वर्षीचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात तयार होतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत राज्यस्तरावर त्याची बैठक होते. मार्चमध्ये प्रस्ताव घेऊन जाणाऱ्याला सगळे हसून चहा पाजतात, कारण मार्चएंडला सगळं कार्यालय खर्च संपवण्याच्या धांदलीत असतं. मेमध्ये मान्सूनपूर्व बैठका होतात. तिथे नवी कामं मिळत नाहीत, पण बोटी, जॅकेट आणि आपदा मित्र (आपत्तीत मदत करणारे गावचे स्वयंसेवक) प्रशिक्षण तिथेच वाटून दिलं जातं. त्या बैठकीला रिकाम्या हाताने जाऊ नका. गावातल्या पोहता येणाऱ्या पोरापोरींची यादी न्या.

त्रुटीचं पत्र आलं तर आनंद माना. म्हणजे कुणीतरी फाइल वाचली. आठवड्याच्या आत पूर्तता द्या आणि पत्रात त्यांनी घातलेल्याच क्रमाने उत्तरं लिहा. महिनोन्‌महिने काहीच कळलं नाही तर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा. 'प्रस्ताव मंजूर का केला नाही' असं विचारू नका, त्याला उत्तर देणं बंधनकारक नाही. 'आवक क्रमांक अमुकवर आजपर्यंत कोणती कार्यवाही झाली, त्या टिपणीची प्रत' असं मागा. ३० दिवसांत उत्तर यावं लागतं.

पाटण आणि जावळीच्या गावांसाठी

२२ जुलै २०२१ च्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आला. त्याच सुमारास महाबळेश्वरात २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस पडला होता. दरडीच्या गावांत निवारा बांधून भागत नाही. आधी तज्ज्ञांनी जागा बघावी लागते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडून पाहणी करून घेण्यासाठी ग्रामपंचायतीने जिल्हाधिकाऱ्यांना पत्र द्यायचं. पत्रात खुणा लिहा : उताराला पडलेली भेग आणि तिची लांबी, वाकलेली झाडं, अचानक गढूळ झालेला किंवा जागा बदललेला झरा, घराच्या भिंतींना नव्याने गेलेले तडे. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांच्यातलं अंतर दर आठवड्याला वहीत टिपा. ती वही पाहणीला आलेल्या माणसाच्या हातात ठेवा.

उतारावरून पाणी बाजूला काढणारे चर, वस्तीच्या वरच्या बाजूचा झाडझाडोरा राखणं, पर्जन्यमापक आणि रात्रीचा भोंगा ही छोटी कामं निधीत बसतात. अख्ख्या वाडीचं पुनर्वसन हा वेगळा, लांबचा विषय आहे. पण त्यातही पहिला प्रश्न जागेचाच येतो, तेव्हा पाहणी अहवालाची वाट बघता बघता सुरक्षित जागा कोणती, हे गावाने आपसात ठरवून ठेवावं.

जत, आटपाडी, माण, खटावकडे

दुष्काळी पट्ट्याला एक सोय आहे : अटल भूजल योजनेत सांगली आणि सातारा दोन्ही जिल्हे होते. त्यात आलेल्या गावांमध्ये निरीक्षण विहिरींच्या नोंदी, पाण्याचा ताळेबंद आणि जलसुरक्षा आराखडा झालेला आहे. तो दप्तरातून शोधून काढा, नाहीतर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात मागा. नवीन पाहणीचा खर्च आणि एक वर्ष वाचतं. जलयुक्त शिवार, गाळमुक्त धरण-गाळयुक्त शिवार आणि रोजगार हमी यांची कामं त्या ताळेबंदाला जोडून मागा. ताळेबंदात पाणी उणे असताना नवा बंधारा मागण्यापेक्षा आहेत त्या बंधाऱ्यांचा गाळ काढणं आणि गळती बुजवणं मागितलं तर ते लवकर पदरात पडतं, असं मला वाटतं. आणि वळवाच्या विजांचं विसरू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप फुकट आहे, शाळेवर वीज अटकाव यंत्रणा अबंधित निधीतूनही बसवता येते.

मंजुरी आल्यावर

प्रशासकीय मान्यतेचं पत्र आलं की त्यातली मुदत आणि लेखाशीर्ष आधी वाचा. काम सुरू होण्याआधी, चालू असताना आणि संपल्यावर त्याच जागेवरून, त्याच कोनातून फोटो काढा. मोजमाप पुस्तिकेत नोंद होताना ग्रामपंचायतीचा एक सदस्य जागेवर हजर असावा. अंदाजपत्रकात पायाची उंची किती धरली होती, ते हातात कागद घेऊन टेपने मोजा. पूरपट्ट्यातल्या शेडची उंची अर्धा फूट कमी भरली तर ती शेड ज्या दिवसासाठी बांधली त्याच दिवशी पाण्यात असते. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा त्याच कामावर खर्च झाल्याचा दाखला, वेळेत पाठवा. ते रखडलं की पुढच्या वर्षीचा तुमचा प्रस्ताव कुणी उघडत नाही.

मग दर मे महिन्यात एक रविवार काढायचा. भोंगा वाजवून बघायचा आणि मळ्यातल्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू येतो का ते फोनवर विचारायचं. बोट असेल तर ती पाण्यात उतरवून इंजिन सुरू करायचं, जॅकेट मोजायची आणि बोटीवर किती माणसं बसवायची तो आकडा रंगाने लिहायचा. शेडची किल्ली दोघांकडे द्यायची, त्यातला एक जण कायम गावात राहणारा हवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक चावडीवर मोठ्या अक्षरांत पुन्हा रंगवायचा. वर्षभरात पाकिटातल्या यादीतले काही म्हातारे गेलेले असतात, काही सुना बाळंतपणाला माहेरी आलेल्या असतात, कुणाच्या गोठ्यात दोन जनावरं वाढलेली असतात. यादी दुरुस्त करून जूनच्या पहिल्या आठवड्यात बंद पाकिटातच तहसील कार्यालयात द्यायची आणि तिचीही पोच घ्यायची.